कस्टममध्ये अडकलेला नारळ

जुलै संपत आला की इंग्लंडातल्या आमच्या मेडनहेडच्या गल्लीत लॉफ्टमधून सुटकेसा उतरण्याचे आवाज सुरू होतात. शाळा सुटलेल्या असतात. कुणाच्या तरी घरात शिडी लागते, वरून कुणी तरी खाली कुणाला तरी ओरडतं, मग धप्प. दुसऱ्या दिवशी त्या घराचे पडदे बंद आणि आमच्याकडे त्यांच्या कुंड्यांना पाणी घालायची किल्ली. केमिस्टच्या दुकानात सनक्रीमच्या बाटल्या दाराशी येऊन बसतात, आपल्याकडे मे महिन्यात आंब्याच्या पेट्या येऊन बसतात तशा. आकाश करडं ते करडंच. म्हणून तर इथला माणूस ऊन खायला परदेशी जातो.

त्या क्रीमला वास असतो नारळाचा. दुकानात कुणी तरी बाटली उघडून हातावर थेंब घेऊन बघत असतं आणि मी शेजारी टूथपेस्ट शोधत उभी असते. तो वास आला की माझे कान गरम होतात. या वयात कान गरम व्हायला आता फारशी कारणं उरलेली नाहीत, पण हे एक अजून शाबूत आहे.

यंदा आमच्या रियाने, म्हणजे माझ्या नातीने, ग्रीसचं बुकिंग केलं. तिघी मैत्रिणी, दहा दिवस, चार बेटं. आयलंड हॉपिंग. हा शब्द तिच्या तोंडून आला तेव्हा मी भाजी चिरत होते आणि सुरी हातात तशीच थांबली. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा ह्यांच्या हॉस्पिटलच्या गार्डन पार्टीत उभी होते, हातात काकडीचं सँडविच आणि चेहऱ्यावर असं हसू, की मला काकडीचं सँडविच जन्मापासून आवडतं.

त्या वेळच्या शैलाची, म्हणजे माझीच, आधी ओळख करून देते, कारण तिला मी आता जवळची मानत नाही. वय वर्षं पस्तीस. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या मोजायची. नवरा भूल देणारा डॉक्टर, बेसिंगस्टोकमध्ये नुकतंच स्वतःचं घर, मुलगी मीनल सहा वर्षांची. बाईंनी केस कापले होते आणि ते कापल्याचं सासूबाईंना पत्रात कळवलं नव्हतं. फोडणीचा वास कपड्यांना लागू नये म्हणून पार्टीच्या दिवशी कोट गराजमध्ये टांगून ठेवायची. ह्यांच्या बॉसची बायको मार्गारेट ज्या दुकानातून पडदे घ्यायची त्याच दुकानातून पडदे, ती ज्या रंगाचे बूट घालायची त्याच रंगाचे बूट. मार्गारेट दर ऑगस्टमध्ये ग्रीसला जायची आणि सप्टेंबरमध्ये भाजलेल्या बटाट्याच्या रंगाची होऊन परत यायची. मी मूळचीच त्या रंगाची. तरी मला वाटलं, आपणही जायला हवं.

मार्गारेट म्हणाली, "ओ, यू मस्ट. आम्ही नॅक्सोसला असू. लेट्स मीट अप."

एवढ्या एका वाक्यावर बाई महिनाभर तरंगत होत्या. पांढरी लिननची पँट आली. परातीएवढी गवती टोपी आली. ग्रीक भाषेतले पाच शब्द पाठ झाले, त्यातले तीन आभाराचे. आणि सगळं ठरल्यावर दापोलीहून पत्र आलं, की सासूबाई जूनअखेर येत आहेत आणि गणपती करून जातील.

सासूबाईंना एकटं घरी ठेवणं शक्य नव्हतं. ह्यांनी धावपळ करून त्यांचा ग्रीसचा व्हिसा काढला. व्हिसा मिळाला त्या दिवशी सासूबाईंनी पासपोर्टवरचा शिक्का चष्म्याजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "समुद्र आहे ना गो तिथे?"

"नुसता समुद्रच आहे आई. मधेमधे जमीन."

"मग बरं झालं. पौर्णिमेची सोय झाली."

मला तेव्हा कळलंच नाही त्या कसल्या सोयीबद्दल बोलतायत. कळायला आठवडा लागला. एका शनिवारी आम्ही वेम्बलीला सामान आणायला गेलो होतो. ईलिंग रोडवरच्या एका दुकानात सासूबाई नारळांच्या टोपलीपाशी बसल्या. उभ्या नाही, चक्क उकिडव्या बसल्या, आणि एकेक नारळ कानाशी हलवून पाणी ऐकू लागल्या. दुकानदार गुजराती, तोही कौतुकाने बघत होता. वीस-पंचवीस नारळ ऐकून झाल्यावर त्यांनी एक निवडला, शेंडीसकट, आणि तो पिशवीत न टाकता सगळ्या परतीच्या वाटेत मांडीवर धरून बसल्या.

नारळी पौर्णिमा ऑगस्टात येत होती, आमच्या ग्रीसच्या दहा दिवसांतच. सासूबाई हर्णैच्या माहेरवाशीण. पण त्यांचा हा नारळ माहेरच्या रीतीचा नव्हता. ह्यांचं विमान इंग्लंडकडे उडालं त्या वर्षापासून त्यांनी तो स्वतः सुरू केलेला होता. दर नारळी पौर्णिमेला दापोलीहून एसटीने हर्णैला जायचं, कोळ्यांचे नारळ वाहून झाले की शेवटी आपला एक द्यायचा. "माझा मुलगा तुझ्या पलीकडे आहे, सांभाळ," एवढंच म्हणायचं. अकरा वर्षांत एकदाही खंड नव्हता. एका वर्षी ताप होता तर रिक्षा करून गेल्या होत्या.

हे मला त्यांनी गाडीत सांगितलं. मी "हो का" म्हटलं. आणि मनात काय आलं असेल त्या पस्तीस वर्षांच्या बाईच्या? की नॅक्सोसच्या किनाऱ्यावर, मार्गारेटच्या समोर, माझी सासू पाचवारी सुती पातळावर मुलाचा हॉस्पिटलचा जुना स्वेटर आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घालून, हळदीकुंकू लावलेला शेंडीवाला नारळ हातात धरून पाण्यात उतरणार. लोक टॉवेलवर पडल्यापडल्या माना वर करून बघणार. मला दिसलंच ते चित्र. आजही दिसतं. फरक इतकाच, की आज त्या चित्रातली मला सर्वांत विचित्र दिसणारी बाई परातीएवढ्या टोपीखाली असते.

निघायच्या दिवशी सकाळी सासूबाई आंघोळीला गेल्या तेव्हा मी त्यांची हँडबॅग उघडली. नारळ त्यांच्या धुतलेल्या पातळात गुंडाळलेला होता, शेजारी कुंकवाची डबी. मी नारळ काढला, पातळाची घडी पुन्हा तशीच फुगीर करून ठेवली, त्यात ह्यांचे मोजे कोंबले, आणि नारळ गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात टॉवेलांच्या मागे ढकलला. हात थरथरले वगैरे म्हणायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. मी शिट्टी वाजवत होते.

ग्रीसचं ऊन मी विसरले नाही, ते खोटं सांगणार नाही. अथेन्सजवळच्या पिरेअसच्या बंदरात फेरीबोटीचं ते अजस्र लोखंडी तोंड उघडायचं, ट्रक आणि माणसं आणि एक शेळी असं सगळं एकदम आत शिरायचं, आणि भोंगा वाजला की मीनल कान झाकायची. डेकवर वारा असा, की माझ्या टोपीने पहिल्याच तासात जीव सोडायचं ठरवलं आणि मी दहाही दिवस एक हात डोक्यावर ठेवून काढले. सगळ्या फोटोंत मी अशी उभी आहे, जणू नुकतीच काही तरी भयंकर बातमी कळली आहे. पारोसला चुन्याने रंगवलेल्या पायऱ्या, भिंतीवर बोगनवेल, दोरीवर वाळत घातलेले ऑक्टोपस. सासूबाई त्या दोरीखाली थांबून म्हणाल्या, "आमच्या हर्णैला असे बोंबील असतात. हे जरा अंगाने भरलेत." त्या स्वतः मासे खात नसत. पण मासळीबाजाराच्या वासात वाढलेल्या, त्यामुळे ग्रीस त्यांना मुळीच परदेश वाटला नाही. परदेश वाटत होता तो मला.

नॅक्सोसला जिथे आम्ही खोल्या घेतल्या होत्या तिथल्या मालकिणीची आई काळ्या कपड्यांत अंगणात शेंगा निवडत बसायची. दुसऱ्या दिवशी सासूबाई तिच्या शेजारी बसून शेंगा निवडत होत्या. एक ग्रीकमध्ये बोलायची, एक मराठीत, आणि दोघी एकमेकींना "हो ना" केल्यासारख्या माना हलवायच्या. मला विचारलं असतं तर मी माझे आभाराचे तीन शब्द दिले असते. कुणी विचारलं नाही.

नॅक्सोसला पौर्णिमेच्या आदल्या दुपारी सासूबाईंनी बॅग उघडली. मी पलंगावर मीनलच्या पायातली वाळू झटकत होते. पातळ उलगडल्याचा आवाज आला, मग मोजे. मग काहीच नाही.

"शैले, नारळ नाही गो."

मी तयारच होते. इतकी तयार, की मला आता त्याची सगळ्यात जास्त लाज वाटते. मी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आई, मी तुम्हाला सांगणार नव्हते. अथेन्सला विमानतळावर तुम्ही आणि हे बाथरूमला गेला होतात ना, तेव्हा कस्टमवाल्याने बॅग उघडली. नारळ काढून घेतला. झाडापासून आलेलं काही नेऊ देत नाहीत म्हणे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही."

खोटं बोलावं तर किती, याला काही प्रमाण असतं. माझं खोटं दयाळू होतं. त्याला वरून साखर पेरलेली होती.

सासूबाई घाबरल्या. त्यांनी विचारलं, "अरविंदाला काही त्रास होणार नाही ना गो? माझ्यामुळे पोलिसात नाव वगैरे?" आणि मी त्यांना धीर दिला. मी. त्यांना. धीर दिला.

हे आत आले तेव्हा त्यांना गोष्ट सांगितली गेली. ह्यांना हसू फुटलं. "शेंडी बघून बॉम्ब वाटला असेल त्याला, आई." सासूबाईही थोड्या हसल्या, मुलगा हसतोय म्हणून. त्या क्षणी ती गोष्ट माझ्या हातातून सुटली आणि ह्यांची झाली.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर सासूबाई म्हणाल्या, जरा पाण्याशी चल. मी म्हटलं, "आई, नारळ नाही तर अक्षता वाहा ना. तांदूळ मागून आणते त्या आजींकडून." त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "देवाला चालतं ते. देव समजून घेतो. समुद्राचं तसं नसतं, तो मोजून घेतो."

त्या घोट्याइतक्या पाण्यात उभ्या राहिल्या, पातळाचा काठ एका हातात. मी चार पावलं मागे, कोरड्या वाळूत. बाजूला कॅफेच्या छपराखाली मार्गारेट आणि ह्यांचे बॉस बसलेले होते आणि माझं सगळं लक्ष तिकडे होतं. सासूबाईंनी रिकामे हात जोडले. वारा माझ्याकडे होता म्हणून मला सगळं ऐकू आलं. त्या म्हणाल्या, "यंदाचा राहिला. पुढच्या वर्षी दोन देईन. तोवर नारळ तोंडात घालणार नाही. माझ्या चुकीचं त्याच्यावर काढू नकोस."

कोकणातल्या बाईने वर्षभर नारळ सोडला. ज्याला कळत नसेल त्याच्यासाठी सांगते. आमटीत नारळ, उसळीत नारळ, पोह्यांवर नारळ, खिरीत नारळ, चटणी तर नारळाचीच, आणि जेवण संपवायचं सोलकढीने. नारळ सोडणं म्हणजे जेवणातून जेवण काढून टाकणं.

मला अजून दोन मिनिटं होती. "आई, तो घरी आहे, बेसिंगस्टोकला, टॉवेलांच्या मागे." एवढंच वाक्य. समुद्रालाही ऐकू गेलं असतं. पण मार्गारेटने हात हलवला, आणि मी हात हलवला.

आमचा शेवटचा मुक्काम टिनोसला होता. मार्गारेटच म्हणाली, तिथे बघण्यासारखं असतं, आणि तीही बरोबर आली. बंदरापासून मेरीमातेच्या चर्चपर्यंत चढणीचा सरळ रस्ता, आणि त्या रस्त्यावरून माणसं गुडघ्यांवर चालत वर जात होती. बायका, म्हातारे, एक तरुण बाई पाठीवर झोपलेलं मूल घेऊन. भर उन्हात. कुणाच्या हातात माणसाइतक्या उंच मेणबत्त्या. दुतर्फा माणसं आइस्क्रीम खात उभी होती आणि त्यांना वाट करून देत होती. मार्गारेटचे डोळे भरून आले. ती मला म्हणाली, "सो मूव्हिंग, इझन्ट इट? तुमच्याकडेही असं काही असेल ना? तुझ्या सासूबाईंना विचार ना, मला ऐकायला इतकं आवडेल."

मी म्हटलं, "नो, नॉट रिअली."

सासूबाई माझ्या पलीकडे उभ्या होत्या. त्या त्या मेणबत्त्यांकडे बघत होत्या. बराच वेळ बघून त्यांनी मला विचारलं, मनापासून विचारलं, त्यात टोमणा मुळीच नव्हता, "ह्या बाहेरगावाहून आणतात ना गो? ह्या नाही का काढून घेत कस्टमवाले?"

परत आल्यावर मी कपाट उघडलं. टाकीच्या उबेने नारळाला भेग गेली होती आणि पाणी झिरपून एक टॉवेल आंबला होता. वर्तमानपत्रात गुंडाळून मी तो बिनमध्ये अगदी तळाशी घातला. सासूबाईंना बुधवारी कचऱ्याची गाडी बघायला फार आवडायचं. खिडकीशी उभ्या राहून त्या गाडीवाल्यांना हात करायच्या आणि तेही त्यांना करायचे. त्या बुधवारीही केला.

पुढचे काही आठवडे मी नारळाशिवाय स्वयंपाक शिकले. त्या आमटी तोंडात घालून क्षणभर थांबायच्या आणि म्हणायच्या, "बरी लागतेय की." गणपतीला आमच्याकडे बेसिंगस्टोक, रेडिंग, वेम्बली असे मिळून आठ घरचे लोक होते. मोदक सासूबाईंनीच केले. वळणारे हात तिथे दुसऱ्या कुणाचे नव्हते. दुपारी नैवेद्य झाला, पानं मांडली, तूप वाढलं. सासूबाई पुन्हा ओट्याशी गेल्या, दुसऱ्या घाण्याचं सारण ढवळत होत्या. बोटांना सारण लागलेलं, ते त्यांनी फडक्याला पुसलं. तोवर मी त्यांना कधी बोट फडक्याला पुसताना पाहिलं नव्हतं. मला म्हणाल्या, "शैले, गूळ पुरला का गो? तूच चाखून सांग, मला कळायचं नाही."

मी चाखलं. म्हटलं, "पुरला."

बाहेरच्या खोलीत ह्यांचा आवाज चढला होता. "आणि तो ग्रीक ऑफिसर, नारळाला कान लावून ऐकतोय, टिकटिक येते का." आठ घरचं हसू. कुणी तरी हाक मारली, "काकू, या ना बाहेर, तुमच्या नारळाची गोष्ट चाललीय." सासूबाई पदराला हात पुसत दारात गेल्या आणि सगळ्यांसाठी हसल्या.

पुढच्या श्रावणात त्यांचं पत्र आलं. आज हर्णैला जाऊन आले, दोन वाहिले, घरी येऊन सोलकढी केली, दोन वाट्या प्यायले, घसा बसला आहे. अरविंदास आशीर्वाद. ते पत्र मी दोनदा वाचून ह्यांना दिलं. त्यानंतर सासूबाई अठरा वर्षं जगल्या. तीनदा इथे येऊन गेल्या. मी पाच-सहा वेळा त्यांच्या शेजारी दापोलीच्या ओटीवर बसून तांदूळ निवडले. अठरा वर्षांत एक वाक्य सापडलं नाही, असं होत नाही. मी शोधलं नाही, हे खरं.

उलट मी गोष्टीत भर घातली. हे सांगताना कुठे अडखळले तर मी सावरून घ्यायची. त्या ऑफिसरला मिशी मीच दिली. एका दिवाळीला त्याला मी दम्याचा खोकलाही दिला होता, पण तो टिकला नाही.

तर यंदा रिया आली ती लॅपटॉप घेऊन. फेऱ्यांची वेळापत्रकं, खोल्यांचे फोटो, सगळं दाखवून झालं. मग म्हणाली, "आजी, मी काय ठरवलं सांगू? पौर्णिमाला मी नॅक्सोसमध्येच असणार. तर मी पणजीची नारळ टाकणार. तिचं राहिलं होतं ना."

ह्यांनी पेपर खाली ठेवला. डोळे चमकले. पंच्याहत्तरीतल्या माणसाला आपली आवडती गोष्ट पुन्हा सांगायची संधी मिळाली की चमकतात तसे. "अगं, नेऊ नको बाई. तुझ्या पणजीच्या नारळाचं काय झालं माहिती आहे ना?"

"माहिती आहे आजोबा, शंभर वेळा ऐकलंय. पण मी चेक केलं. कोकोनट अलाउड आहे. बनाना, पायनॅपल, कोकोनट, त्याला पेपर्स लागतच नाहीत. त्यांच्या साइटवर लिहिलंय."

"तेव्हाचे नियम वेगळे असतील."

"मे बी. पण वियर्ड आहे ना? नारळात काय प्रॉब्लेम?"

हे माझ्याकडे वळले. "शैला, तूच होतीस ना तिथे. काय म्हणाला होता तो?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. माझ्या हातात चहाचा कप होता. मी म्हटलं, "आता आठवत नाही नेमकं. मिशी होती त्याला." आणि ह्यांनी विजयी चेहऱ्याने रियाकडे पाहिलं.

सत्तरीतली बाई. आयुष्यभर रक्ताच्या नळ्यांवर बरोबर नावं चिकटवली, एक चिठ्ठी कधी चुकली नाही. आणि नातीसमोर, चहा पीत, पुन्हा मिशी. त्या पस्तीस वर्षांच्या शैलाची मी एवढी टर उडवते ती कशाच्या जोरावर? ती निदान कुणाला तरी घाबरत होती. मी कुणाला घाबरत होते? मार्गारेट कधीच गेली, तिच्या बुटांचा रंगही मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे मागच्या अंगणात टोमॅटोंना काठ्या बांधत होते. मी सुतळीचा गुंडा धरून उभी राहिले, म्हणजे पळून जाता येणार नाही.

"अहो, तो कस्टमवाला नव्हताच."

"कुठला?"

"अथेन्सचा. आईंचा नारळ मी घरीच काढून ठेवला होता. निघायच्या आधी. मला लाज वाटत होती, मार्गारेटसमोर."

त्यांनी गाठ मारली. मग दुसरी मारली. मग विचारलं, "मिशी?"

"मिशीही माझीच."

मला वाटलं हसतील. हसले नाहीत. हातातली कात्री कुंडीच्या काठावर ठेवली.

"आणि आईने वर्षभर..."

"हो."

"तिला कधी सांगितलंस?"

"नाही."

"मग मला का सांगतेस?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते चांगलं नव्हतं. त्या नाहीत म्हणून तुम्हाला, असं कसं म्हणायचं? मी म्हटलं, "रागवा ना. काही तरी बोला."

ते घरात गेले. दुपारी जेवले, दही मागून घेतलं, ताट धुतलं, आणि एक शब्द नाही. मला त्यांचा अबोला ठाऊक आहे, तो दोन दिवसांचा असतो. पण चारच्या चहाला ते स्वतःहून स्वयंपाकघरात आले आणि खुर्ची ओढून बसले.

"मी तिचा मुलगा," ते म्हणाले. "कुठल्या काउंटरवर, कोण माणूस, पावती दिली का, मी काहीच विचारलं नाही तुला. मी, जो पेशंटला चारदा नाव विचारल्याशिवाय सुई लावत नाही. का नाही विचारलं माहिती आहे?"

मी चहा गाळून कप त्यांच्यापुढे ठेवला.

"मला बरं वाटलं होतं. नारळ गेला ते. माझे बॉस तिथेच बसले होते ना. माझ्याही मनात होतंच, आई आता पाण्यात उतरणार." त्यांनी टेबलावरचा कपाचा डाग अंगठ्याने पुसला. "तू नारळ लपवलास. मी तर इतकी वर्षं तिच्यावर लोकांना हसवत आलो. तिच्यासमोर."

मला त्यांच्याकडून शिक्षा हवी होती. शिक्षा झाली असती तर मी मोकळी झाले असते, सोय झाली असती. त्यांनी अर्धी लाज उचलून आपल्या ताटात घेतली, आणि माझ्या वाट्याची तसूभरही कमी झाली नाही. चहा दोघांनीही तसाच ठेवला.

रियाला संध्याकाळी फोनवर मी सांगितलं. ती म्हणाली, "आजी, दॅट्स सो मीन." मी म्हटलं, "हो." तिने मला "इट्स ओके" म्हटलं नाही, त्याबद्दल मी तिची आभारी आहे. इथे वाढलेल्या मुलांना ते दोन शब्द फार पटकन सुचतात.

परवा जुनी मंडळी जेवायला होती. त्या गणपतीला होती त्यांच्यातलीच, काही उरलेली. जेवण झालं, कुणी तरी मागे रेलून म्हणालं, "अरविंदराव, ती ग्रीसची होऊन जाऊ द्या." हे हात पुसत होते. त्यांनी नॅपकिनची घडी केली, बाजूला ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

सगळे आधीच हसायच्या तयारीत बसले होते. मी म्हटलं, "ती गोष्ट माझी आहे," आणि सुरुवातीपासून सांगितली. बॅग उघडली तिथपासून. शेवटपर्यंत कुणी हसलं नाही.